ऑडिशनला ‘पोलीस वाटत नाहीस’ म्हणतात, म्हणजे नक्की काय कमी पडतं?

तुझा प्रश्न वाचला. वय २६, हिंजवडीत नोकरी, कॉलेजात पुरुषोत्तम आणि फिरोदिया या दोन्ही नाट्यस्पर्धा केल्यायस, हाइट ५ फूट ७. पीएसआयच्या रोलसाठी बऱ्याच सेल्फ टेप, म्हणजे घरीच शूट केलेल्या ऑडिशन, पाठवल्यास आणि शेवटी एका कास्टिंगवाल्याने सांगितलं की ॲक्टिंग ठीक आहे पण पोलीस वाटत नाहीस. आता तू विचारतोयस की जिम लावू का, मिशी वाढवू का, आवाज जाड करू का, सीआयडी आणि क्राइम पेट्रोलचे जुने एपिसोड बघून शिकता येतं का, आणि नोकरी सोडून मुंबईला शिफ्ट होऊ का. वयाने बराच लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी पुण्यात राहूनच बरीच वर्षं हे काम करतोय, वर्दीतले रोल इतके झालेत की सोसायटीतली पोरं साहेब म्हणून हाक मारतात, आणि हल्ली तुझ्यासारख्यांची ऑडिशनची तयारीही करून घेतो, त्यामुळे अशा टेप भरपूर बघितल्यात.

आधी दिसण्याचा विषय संपवून टाकू. महाराष्ट्रात पीएसआय भरतीला मुलांची उंची किमान १६५ सेंमी लागते, तू १७० च्या आसपास आहेस, म्हणजे खरोखरची भरती असती तरी उंचीत पास झाला असतास. आणि २६ वर्षांचा पीएसआय दिसतो कसा हे बघायचं असेल तर लांब जायचं नाही, नव्या पेठेत किंवा शास्त्री रोडला संध्याकाळी अभ्यासिका सुटतात तेव्हा चहाच्या टपरीवर जाऊन उभा रहा. एमपीएससी करणारी शेकडो पोरं दिसतील, बारीक, चष्मा, सॅक, डोळ्यांखाली काळं, त्यातलीच काही उद्या दोन स्टार लावून एखाद्या ठाण्यात हजर होणार आहेत. ती ‘पोलीस वाटतात’ का? नाही वाटत, पण असतात. म्हणून जिम लावायची तर तब्येतीसाठी लाव. मिशीबद्दल एवढंच की मिशीचा आणि बिनमिशीचा असे दोन्ही फोटो प्रोफाइलमध्ये ठेव, कास्टिंगवाले नाहीतरी दोन्ही मागतातच.

मग कमी काय पडतं? माझा अंदाज सांगतो, तुझी टेप बघितलेली नाही तेव्हा अंदाजच, पण दहातल्या आठ टेपमध्ये हेच असतं म्हणून बऱ्यापैकी खात्रीने बोलतोय. तू ‘पोलीस’ करतोयस. आणि पोलीस असा कोणी माणूस नसतो. शिपाई असतो, हवालदार असतो, एएसआय, पीएसआय, एपीआय, पीआय असतो, त्याच्या वर एसीपी, डीसीपी. खोलीत कोण आपल्या वर आहे आणि कोण खाली आहे हे त्यातल्या प्रत्येकाला चोवीस तास माहीत असतं, झोपेत सुद्धा. आपल्याकडे टेप येतात त्यात शिपायापासून डीसीपीपर्यंत सगळे एकाच पद्धतीने छाती काढून, एक भुवई वर करून, समोरच्याकडे रोखून बघत बोलतात. कास्टिंगवाल्याला नेमकं काय खटकलं ते शब्दात सांगता येत नाही, त्याला दिवसाला ढिगाने टेप बघायच्या असतात, तो म्हणतो पोलीस वाटत नाहीस आणि पुढच्या टेपवर जातो.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच सांगतो, हुद्दा खेळ. तुझाच पीएसआय घे. महाराष्ट्रात पीएसआय व्हायचे रस्ते वेगवेगळे आहेत, कोणी सरळ एमपीएससीची परीक्षा देऊन येतो, कोणी आधी शिपाई म्हणून भरती होऊन मग खात्याची परीक्षा देतो, कोणी नोकरीत केस पांढरे झाल्यावर बढतीने होतो. खांद्यावर तिघांच्याही दोनच स्टार. पण पहिला २६ चा, नाशिकच्या अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला, त्याच्या हाताखालचा हवालदार ५२ चा, ज्याने असे साहेब येताना आणि जाताना बघितलेत. हवालदार त्याला साहेबच म्हणणार, सॅल्यूटही मारणार, पण पंचनाम्यात पहिली ओळ काय लिहायची हे साहेब हळूच हवालदारालाच विचारणार. आता हा माणूस संशयिताच्या घरात शिरतो तेव्हा छाती काढून शिरेल का? तो आधी हवालदाराकडे एक नजर टाकेल, मग बोलेल, आणि बोलताना जरा जास्तच कडक बोलेल कारण मागे तीन शिपाई ऐकतायत. बढतीवाला पीएसआय मात्र त्याच घरात शिरला की आधी बसायला खुर्ची बघेल, पाणी मागेल, आणि त्याचा पहिला प्रश्न भलताच असेल, गाव कोणतं तुमचं. सीन तोच, वाक्यंही तीच असू शकतात.

तू पाताल लोक बघितलं असशीलच. पहिल्या सीझनला, २०२० मध्ये, जयदीप अहलावतचा हाथीराम इन्स्पेक्टर आणि इश्वाक सिंगचा अन्सारी त्याच्या हाताखालचा तरुण पोलीस, जो यूपीएससीचा अभ्यास करतोय. २०२५ च्या दुसऱ्या सीझनला अन्सारी आयपीएस होऊन आलाय आणि हाथीराम तिथेच. माणसं तीच, एकमेकांवरचा जीव तोच, पण आता सर म्हणायचं कोणी कोणाला हे उलटं झालंय, आणि दोघं ते कसं पेलतात बघ, एकट्यात वेगळं आणि चारचौघात वेगळं. संवाद बाजूला ठेवून आवाज बंद करून ते सीन बघ, कोण कोणाच्या आधी दारातून जातंय, कोण बसायची वाट बघतंय. जयदीप आपल्याच लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचा. दिल्ली क्राइममधली रसिका दुगल पण तिथलीच. ती त्यात ट्रेनी आयपीएस आहे, म्हणजे कागदावर ठाण्यातल्या बहुतेकांच्या वर आणि अनुभवाने सगळ्यांच्या खाली, आणि तिने हे असं अडकणं पहिल्या सीझनभर सोडलेलं नाही. शेफाली शाहची डीसीपी तर फारसा आवाजच चढवत नाही, तिला गरज नाही, तिने हळू बोललं की खोली गप्प होते. २०२० मध्ये त्या सिरीजला ड्रामाचं इंटरनॅशनल एमी मिळालं ते काही आरडाओरड्यामुळे नाही.

आणि आपल्या माणसाचं उदाहरण द्यायचं तर सेक्रेड गेम्समधला काटेकर. जितेंद्र जोशी पुण्याचाच. रोल काय तर कॉन्स्टेबल, सरदार इन्स्पेक्टरच्या मागेपुढे असणारा. पण साहेबाची मस्करी कुठवर करायची, कुठे थांबायचं, हे त्याला इतकं पक्कं माहीत आहे की सैफचा सरताज पोलीस वाटायला अर्धी मदत काटेकरची होते असं माझं स्पष्ट मत आहे. मराठी नटांची एक जुनी रड आहे, हिंदीवाले आपल्याला हवालदारच करतात. रड खरी आहे, मीही केलीये. पण म्हणून हवालदाराचा रोल आला की तोंड वाकडं करू नकोस, लिहिलेला बरा असेल तर पीएसआयपेक्षा त्यात जास्त करायला मिळतं.

आता सीआयडी-क्राइम पेट्रोल बघून शिकता येतं का. हे तुला कशासाठी ऑडिशन आलंय त्यावर आहे, सगळ्याला एकच उत्तर नाही. सीआयडी १९९८ ला सुरू झालं, २०१८ पर्यंत चाललं आणि २०२४ च्या डिसेंबरात परत आलं. त्यात हुद्दा फार बारकाईने नसतोच, ती टीम आहे, प्रत्येकाचं एक काम ठरलेलं, दया दार तोडणार, साळुंखे लॅबमध्ये चिडणार, एसीपी बोटं फिरवणार, आणि लोकांना ते तसंच हवंय. त्याला हसू नकोस. एसीपी झालेला शिवाजी साटम बँकेत नोकरी करत नाटक करणारा माणूस, तुझ्यासारखाच म्हणायचं, आणि सीआयडीचे कर्ते बी. पी. सिंग यांच्याबरोबर आधी मराठीत ‘एक शून्य शून्य’ करून मग तिकडे गेला. अभिजीत करणारा आदित्य श्रीवास्तव कसलेला रंगभूमीवाला, दया करणारा दयानंद शेट्टी मैदानावरचा, थाळीफेकवाला. २००४ मध्ये या लोकांनी १११ मिनिटांचा एक एपिसोड एका शॉटमध्ये, कटशिवाय केलाय. तसं करायला काय लागतं हे एकांकिका केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको, एकाची एंट्री चुकली की सगळ्यांचं पहिल्यापासून. पण तिथली पद्धत उचलून ओटीटीच्या टेपमध्ये घातलीस तर गेलास. उलटंही खरं, दिल्ली क्राइमसारखं पुटपुटणं डेली सोपच्या इन्स्पेक्टरला चालत नाही, तिथे तो येऊन घरच्यांना धक्का देऊन जायला असतो, तीन वाक्यं स्पष्ट ऐकू आली पाहिजेत आणि चौथ्या वाक्याला नायिकेचा क्लोज-अप.

क्राइम पेट्रोल टाइपच्या एपिसोडिकमध्ये वेळच नसतो. सकाळी लुक सेट, हातात सीन दुपारी, मास्टर (अख्ख्या सीनचा लांबचा शॉट) झाला की दोन सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्यावरचे शॉट), एक क्लोज, पुढे चला. तिथे डायरेक्टरला तुझ्या पीएसआयचा भूतकाळ ऐकायला सवड नाही. तू घरून ठरवून जायचं आणि कोणाला न सांगता करायचं. शिकायला मात्र ती जागा चांगली आहे, लेन्स, मार्क, कंटिन्युटी सगळं तिथे अंगात जिरतं. मराठीत तर रमेश भाटकरांनी दूरदर्शनच्या काळात ‘हॅलो इन्स्पेक्टर’ केलं ते आमच्या पिढीच्या डोक्यात अजून आहे, आणि स्टार प्रवाहवरचं ‘लक्ष्य’, त्यात अदिती सारंगधर होती, त्याने किती नवख्या नटांना वर्दीत कॅमेऱ्यासमोर उभं रहायला शिकवलं असेल.

तयारी काय करायची ते सांगतो, इथे जरा सविस्तर लिहितो कारण बाकी कोणी सांगत नाही. पोलिसाचं काम बहुतांशी कागदाचं आणि वाट बघण्याचं असतं. पंचनामा, जबाब, स्टेशन डायरी, मुद्देमाल, साहेबाचा रायटर सगळं लिहीत बसलेला. म्हणून हातांना काम दे. जबाब घेताना डोळे कागदावर असतात, संशयितावर नाही, आणि मधेच वर बघितलं की त्या बघण्याला वजन येतं. सतत रोखून बघणाऱ्याकडे बघायला काही उरतच नाही.

दुसरं, कायदा थोडा वाच, नटाला फार उपयोगी पडतो. साधी गोष्ट बघ, पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आता आपल्या सीनमध्ये आरोपी रडत रडत ‘मीच केलं’ म्हणतो आणि नट विजयी चेहरा करतो, पार्श्वसंगीत वाजतं. खऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी काय येणार? हत्यार कुठे टाकलंस. कारण त्याच्या सांगण्यावरून पंचांसमोर हत्यार निघालं तर त्याला किंमत आहे. शिवाय अटक केल्यापासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचाय, घड्याळ चालू आहे. हे माहीत असलं की चेहऱ्यावर आनंद येतच नाही, घाई येते, आणि कॅमेरा ती घाई लगेच पकडतो. तसंच १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं ३०२ आता १०३ झालंय. कथा त्याच्या आधीची असेल तर ३०२ बरोबर, पण आजची कथा असून संवादात ३०२ लिहिलेलं अजून येतं. नव्या नटाने सेटवर वाद घालायचा नाही, एडीला, म्हणजे असिस्टंट डायरेक्टरला, बाजूला घेऊन हळूच विचारायचं.

तिसरं, वर्दीचं अंग. डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट नाही, नुसतं सावधान, हे निम्म्या मालिकांना माहीत नाही. पीआय आणि एसीपी दोघांच्याही खांद्यावर तीन स्टार असतात, फरक खालच्या पट्टीचा, एसीपीला ती नसते. ड्रेसदादा गडबडीत काहीही लावतो, तू आरशात बघून घे. आणि एसीपी हा आयुक्तालयात असतो, ग्रामीणला त्या जागी डीवायएसपी, त्यामुळे गावाकडच्या मालिकेत एसीपीसाहेब जीपमधून उतरले की माझ्या घरात मोठ्याने हसायचा कार्यक्रम होतो. बायको म्हणते बघू दे आता. असो.

निरीक्षणासाठी पुण्यासारखं गाव नाही. अनंत चतुर्दशीला मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते, दुसऱ्या दिवशी सकाळी अलका चौकात ये आणि ढोल सोडून बंदोबस्ताकडे बघ. कोण कोणत्या पायावर भार टाकतंय, लाठी आता मारायची राहिलेली नाही, टेकायची झालीये, वायरलेसवर काहीतरी आलं की वाकलेली माणसं कशी एकदम सरळ होतात, आणि मोठे साहेब गाडीतून उतरले की ती लाट चौकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला कशी जाते. लाट कोणापासून सुरू होते आणि सगळ्यात शेवटी कोण सरळ होतो तेही बघ, तो शेवटचा बहुधा सगळ्यात जुना हवालदार असतो. ठाण्यात उगाच जाऊन मोबाइल काढून शूटिंग मात्र करू नकोस, कामासाठी गेलास तर बाकावर शांत बस आणि कान उघडे ठेव.

आवाजाचं. तुझा आवाज जाड करायची गरज नाही, उलट खाली आणायची आहे. भरत नाट्य मंदिरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय लागलेली असते आपल्याला, इथे लेपल माइक छातीवर लावलेला असतो, बोटभर अंतरावर. एकांकिकेवाल्यांची टेप मी आवाज बंद न करता पूर्ण बघूच शकत नाही, इतका ताण असतो गळ्यात. सीन एकदा घरात, झोपलेल्या माणसाला जाग येणार नाही अशा आवाजात करून रेकॉर्ड कर आणि मग ऐक. बऱ्याचदा तीच टेप पाठवण्यासारखी निघते.

टेप करताना वर्दी भाड्याने आणू नकोस. पेठेत मिळते, माहितीये मला, पण तिचं फिटिंग बघितलं की गॅदरिंग आठवतं. साधा फिकट शर्ट, इन केलेला, पट्टा, केस कापलेले, पुरे. आणि वर्दी घालून रस्त्यावर, गाडीवर तर अजिबात फिरायचं नाही, शूटिंगला असलास तरी वरून जॅकेट घालूनच चहाला जा. लोकांना फसवायच्या हेतूने सरकारी नोकराचा पोशाख घालणं गुन्हा आहे आणि आपला हेतू तसा नव्हता हे चौकीत बसून समजावत बसावं लागतं, त्यात अख्खा दिवस जातो. समोरचे संवाद वाचणारा जो मित्र असेल त्याला सांग की तू ॲक्टिंग करू नकोस, नुसतं वाच, पण तो आरोपी असेल तर त्याला खाली बसव आणि साहेब असेल तर उभा कर. तुझी नजर आपोआप बरोबर जागी जाईल.

हिंदीबद्दल, तू विचारलं नाहीस पण सांगतो. मुंबईत घडणारी कथा असेल तर तुझी मराठी वळणाची हिंदी हा फायदा आहे, ती घासूनपुसून काढू नकोस. हरियाणा, पंजाब, राजस्थानची कथा असेल तर तुला तो रोल मिळायची शक्यता कमीच, तिथे त्यांना तिकडची जीभ लागते, त्या नकाराचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

राहता राहिलं मुंबई. नोकरी आत्ता सोडू नकोस असं माझं मत, घरची परिस्थिती मला माहीत नाही त्यामुळे निर्णय तुझा. ओटीटीचं बरंचसं कास्टिंग आता टेपवरच होतं, ते हिंजवडीतून पण पाठवता येतं. टीव्हीचं वेगळं आहे, तिथे दुपारी फोन येतो की उद्या सकाळी ये, सेट मीरा रोडला नाहीतर नायगावला. पुण्याहून सकाळची सिंहगड पकडून नऊची कॉलशीट गाठता येत नाही, डेक्कन क्वीनचं तर नावच नको, म्हणजे आदल्या रात्री जाऊन कोणाकडे तरी पडायला जागा हवी. अशी एक जागा आधी बघून ठेव, शिफ्ट व्हायचं नंतर बघू. आणि ऑफिसात रजा कशा मिळतात त्याचा हिशोब कर, वर्क फ्रॉम होम असेल तर सेटवर लॅपटॉप उघडून बसणारी पोरं मी बघितलीत, जमतं, पण सीनच्या आधीचा अर्धा तास फोन बंद.

पैशाचं शेवटचं. ऑडिशनला, रजिस्ट्रेशनला, ‘आर्टिस्ट कार्ड’ला कोणी पैसे मागितले की नंबर ब्लॉक. सिंटा या नटांच्या संघटनेचं सभासदत्व ही वेगळी आणि खरी गोष्ट आहे, पण दोनचार कामं झाल्यावर बघ, पहिल्या रोलसाठी त्यात अडकू नकोस. टीव्हीचं पेमेंट साधारण ९० दिवसांनी येतं, त्यामुळे काम झालं त्याच दिवशी तारीख, एपिसोड, कोणी बोलावलं आणि किती ठरलं ते व्हॉट्सॲपवर त्यांच्याकडून लिहून घे, नुसतं फोनवर बोलून ठेवू नकोस, कारण तीन महिन्यांत तो को-ऑर्डिनेटर दुसऱ्या हाउसला गेलेला असतो.

पुढची टेप करशील तेव्हा स्क्रिप्टच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिही, नोकरीला किती वर्षं झाली, खात्यात कुठल्या रस्त्याने आला, या खोलीत माझ्या वर कोण, खाली कोण, आणि ड्यूटीचा हा कितवा तास. मग हवी तर मला पाठव, वीकडेला शूट असतं माझं, शनिवारी बघून सांगतो.